एक पाटा वाढवला म्हणजे ट्रेलर मजबूत झाला का?

फूड ट्रेलरवरच्या व्हिडिओत आपण जागा, मेन्यू आणि परवाने यांवर बोललो. एक विषय मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण तो घाईत सांगण्यासारखा नाही. तो म्हणजे ट्रेलरच्या खालचा भाग: अॅक्सल, पाटे, हब, टायर. गिऱ्हाईक तिकडे कधीच बघत नाही. आपणही बघत नाही, आणि तिथेच चुकतो.

आमच्या बॅचमधल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. रत्नागिरीत चहा-वडापावचा छोटा ट्रेलर घेऊन त्याने सुरुवात केली. धंदा चालला. मग त्याने गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी मच्छी थाळी सुरू केली. थाळी आली म्हणजे फ्रीज आला, दुसरी शेगडी आली, पाण्याची टाकी आली, बसायला टेबल-खुर्च्या आल्या. ट्रेलर मागून दबलेला दिसायला लागला, तेव्हा कोणीतरी सांगितलं, "एक-एक पाटा वाढव, काही होत नाही." त्याने दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. ट्रेलर उचलला गेला, दिसायला मस्त झाला.

दिवाळीच्या सुट्टीत आरे-वारेच्या उतारावर त्याचा ट्रेलर डावीकडे बसला. त्याने खाली वाकून बघितलं, तर पाटा शाबूत होता. पाट्याला धरून ठेवणारा हँगर चॅसिसवरून वेल्डिंगसकट उखडला होता. आत दोन भरलेले गॅस सिलिंडर होते. वेग कमी होता, समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून निभावलं. पण ऐन सीझनमधले सहा दिवस गेले.

या लेखात सांगायचं ते एवढंच: पाटा वाढवल्याने ट्रेलर वर उचलला जातो, त्याची वजन पेलायची ताकद वाढतेच असं नाही. ट्रेलरची ताकद म्हणजे त्याच्या सगळ्यात कच्च्या भागाची ताकद. आता हे नीट समजून घेऊ.

परदेशी व्हिडिओ बघून गोंधळू नका

बऱ्याच जणांनी अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले असतात. तिथे लोक 'फिफ्थ व्हील' ट्रेलरचे अॅक्सल आणि सस्पेन्शन बदलतात. फिफ्थ व्हील म्हणजे ट्रेलरची जोडणी गाडीच्या मागच्या बंपरला नसते, तर पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर असते. आपल्या हायवेवर कंटेनर ओढणाऱ्या मोठ्या गाड्यांना केबिनच्या मागे जी गोल ताटासारखी जोडणी दिसते, ती त्याच जातीची. तिथली घरं-ट्रेलर कित्येक टनांची, दोन-तीन अॅक्सलची असतात.

तुमचा ट्रेलर लहान आहे, एका अॅक्सलचा आहे आणि मागच्या हुकाला लावून ओढला जातो. त्यामुळे तिथले पार्ट जसेच्या तसे इथे मागवू नका. पण त्या लोकांची एक सवय घ्या. ते आधी काट्यावर वजन करतात आणि मग काय बदलायचं ते ठरवतात.

पहिली पायरी: काटा करा

अंदाजाने बोलू नका. जवळच्या वजनकाट्यावर जा आणि दोन वजनं घ्या.

१. ट्रेलर गाडीपासून सोडून, पूर्ण काट्यावर. हे एकूण वजन.
२. ट्रेलर गाडीला जोडून, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. हे अॅक्सलवरचं वजन.

दोन्हींतला फरक म्हणजे ट्रेलरच्या नाकाचं, म्हणजे हुकावर येणारं वजन. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के वजन हुकावर असावं. त्यापेक्षा कमी असेल, तर जरा वेग घेतल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. फारच जास्त असेल, तर ओढणारी गाडी मागून बसते आणि तिची पुढची चाकं हलकी होतात.

काटा करताना ट्रेलर धंद्याला निघतो तसाच भरलेला हवा. रिकाम्या ट्रेलरचं वजन करून काही कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका.

- रिकामा ट्रेलर, चाकांसकट: ६०० किलो
- शेगड्या, ओटा, चिमणी, कपाटं: १५० किलो
- फ्रीज: ७० किलो
- दोन भरलेले व्यावसायिक सिलिंडर: ७० किलो (गॅस १९ किलो असला तरी लोखंडाचं वजन वेगळं असतं)
- पाणी २०० लिटर: २०० किलो
- जनरेटर: ५० किलो
- भांडी, तेल, पीठ, मासळी आणि बर्फ: १२० किलो
- टेबल-खुर्च्या, छत: ६० किलो

एकूण १,३२० किलो. त्यातले १० टक्के, म्हणजे १३२ किलो हुकावर. राहिले १,१८८ किलो अॅक्सलवर.

आता समजा तुमचा अॅक्सल १,००० किलोचा आहे आणि आरसी बुकात ट्रेलरचं भरलेलं वजन १,१०० किलो लिहिलेलं आहे. म्हणजे तुम्ही दोन्हीकडे हद्द ओलांडली. आणि अजून टायर बघायचे बाकी आहेत.

टायरवरचा छोटा आकडा

टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स. ८० असेल तर एक टायर जास्तीत जास्त ४५० किलो पेलतो. ८८ असेल तर ५६०, ९० असेल तर ६००, १०० असेल तर ८०० किलो. तेही हवा पुरेशी असताना. हवा कमी असली की टायर तेवढं वजन घेत नाही, तापतो आणि फुटतो.

आपल्या उदाहरणात ८० लोड इंडेक्सचे दोन टायर असतील, तर दोन्ही मिळून ९०० किलो. अॅक्सल १,००० किलोचा असू दे, पाटे १,५०० किलोचे असू देत, तुमच्या ट्रेलरची चाकांवरची ताकद ९०० किलोच आहे. सगळ्यात कच्चा भाग म्हणतो तो हा.

वजन कुठून कुठे जातं

ट्रेलरच्या शेजारी उकिडवे बसा आणि वरून खाली बघत या. चॅसिस. चॅसिसला वेल्ड केलेले हँगर. हँगरमध्ये बोल्ट आणि बुश. त्यात अडकवलेले पाटे, एका टोकाला शॅकल. पाट्याच्या मधोमध यू-बोल्टने आवळलेला अॅक्सल. अॅक्सलच्या टोकाला हब, हबमध्ये बेअरिंग. मग रिम, मग टायर. वजन या साखळीतून रस्त्यावर उतरतं आणि खड्ड्याचा दणका याच साखळीतून उलटा वर चढतो.

पाट्याचं काम दोन प्रकारचं आहे: वजन पेलणं आणि दणका पचवणं. तुम्ही पाटा कडक केला की दणका पचवायची त्याची ताकद कमी होते. न पचलेला दणका कुठे जातो? हँगरच्या वेल्डिंगवर, चॅसिसवर आणि तुमच्या किचनवर. फ्रीजचे पाइप हलतात, कपाटांचे स्क्रू सुटतात आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅसच्या पाइपचे जोड ढिले होतात. म्हणून कडक पाट्यांचा ट्रेलर ठिकाणावर पोचला की शेगडी पेटवण्याआधी साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा. खरं तर कुठलाही ट्रेलर असला तरी ही सवय ठेवा.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. चार सारख्या पाट्यांमध्ये पाचवा घातला, तर कडकपणा साधारण पाव पटीने वाढतो. पण ८ मिलिमीटर जाडीचे पाटे काढून त्याच मापाचे १० मिलिमीटरचे घातले, तर कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ट्रेलर लाकडी बैलगाडीसारखा उसळायला लागतो.

पैसे खर्च करण्याआधी वजन कमी करा

आपल्या उदाहरणात परत जाऊ. पाण्याची टाकी भरून का न्यायची? ठिकाणावर पाण्याची सोय आधी करा आणि तिथे भरा. २०० किलो गेले. जनरेटर आणि टेबल-खुर्च्या ओढणाऱ्या गाडीत ठेवा, अर्थात तिच्या मर्यादेत. आणखी ११० किलो गेले. एकूण वजन १,०१० किलोवर आलं आणि अॅक्सलवर राहिले ९०९ किलो. एकही पार्ट न बदलता तुम्ही आरसी बुकाच्या आत आलात.

टायर मात्र अजून कमी पडतात. त्याच मापात, त्याच रिमला बसणारे जास्त लोड इंडेक्सचे टायर मिळाले, तर तो प्रश्नही मिटतो. तरीही १,००० किलोच्या अॅक्सलवर ९०९ किलो म्हणजे फार मोकळीक नाही. आपल्या रस्त्यांसाठी मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंतच थांबावं. तेव्हा अजून काय उतरवता येईल ते बघा.

सामान कसं मांडता यालाही महत्त्व आहे. फ्रीज, टाकी, सिलिंडर सगळं एकाच बाजूला असेल, तर एक चाक जास्त वजन ओढतं. जड वस्तू खाली आणि अॅक्सलच्या आसपास ठेवा.

अपग्रेड करायचंच असेल तर

कधी कधी मेन्यूच असा असतो की वजन कमी होत नाही. मग अर्धवट काम करू नका, साखळी पूर्ण बदला. क्रम असा ठेवा.

*बुश, बोल्ट, शॅकल.* खर्च कमी, फायदा मोठा. स्वस्त ट्रेलरमध्ये प्लॅस्टिकचे बुश असतात, ते झिजले की बोल्ट हँगरच्या भोकाला खातो. ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येईल असे बोल्ट टाकून घ्या. परदेशी ट्रेलरवाले सगळ्यात आधी हेच बदलतात, आणि ही गोष्ट आपण बिनधास्त उचलावी.

*हँगर.* चॅसिस पातळ असेल, तर हँगरच्या वर पट्टी देऊन ताकद पसरवा. हे काम चांगल्या वेल्डरकडूनच करा. मिरजोळे एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणारे आहेत, त्यांना ट्रेलर प्रत्यक्ष दाखवा, फोनवर भाव विचारू नका. पाट्यावर किंवा अॅक्सलच्या नळीवर मात्र मधोमध वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने पाट्याचं पाणी जातं आणि तो तिथेच तुटतो.

*अॅक्सल, हब, बेअरिंग.* हे एकाच क्षमतेचं, एकत्र घ्या. उदाहरणातल्या १,१८८ किलोसाठी १,५०० किलोचा अॅक्सल योग्य, कारण वापर ८० टक्क्यांच्या आत राहतो. पण हलक्या ट्रेलरला उगाच तीन टनी अॅक्सल आणि पाटे लावू नका. पाटे दबलेच नाहीत, तर ट्रेलर रस्त्यावर उड्या मारतो.

*ब्रेक.* वजन वाढवलं आणि ट्रेलरला ब्रेकच नसेल, तर सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर. कोल्हापूरच्या एखाद्या महोत्सवाला स्टॉल लावायचा, तर परतताना आंबा घाट उतरावा लागतो. तिथे साखरप्याच्या बाजूला येईपर्यंत सतत ब्रेक दाबत आलात, तर ब्रेक तापून पकड सोडतात. लहान गियर ठेवा, आणि ट्रेलरला स्वतःचा ब्रेक व सेफ्टी चेन हवीच.

*यू-बोल्ट.* अॅक्सल सोडला की नवे यू-बोल्ट टाका, जुने परत आवळू नका. काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा तपासा. नवीन जोड बसतात आणि थोडे ढिले होतात.

दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, दोन अॅक्सल लावू का? फायदा असा की एक टायर फुटला तरी ट्रेलर उभा राहतो. पण दोन्ही बाजूंच्या पाट्यांमध्ये तराजूसारखी हलणारी पट्टी हवी. ती नसेल तर गतिरोधकावर सगळं वजन एकाच अॅक्सलवर येतं. शिवाय टायर दुप्पट, आणि बाजारपेठेच्या अरुंद गल्लीत वळताना टायर घासतात. लहान ट्रेलरला एक दणकट अॅक्सल पुरतो.

दुसरा, पाट्यांऐवजी रबर टॉर्शन अॅक्सल कसा? चालायला मऊ, देखभाल कमी. पण रबर गेलं की बहुधा पूर्ण अॅक्सल बदलावा लागतो. पाट्यांचं काम करणारा माणूस मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावात भेटतो. सीझनमध्ये ज्याची दुरुस्ती त्याच दिवशी होते, ती वस्तू धंद्याला बरी.

कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. त्यामुळे त्याची नोंदणी असते आणि आरसीवरचं वजन हीच तुमची कायदेशीर मर्यादा. मोठा अॅक्सल लावला म्हणून ती आपोआप वाढत नाही. कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा बदल परस्पर करता येत नाही. तसं केलं तर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जास्त वजन भरल्यास कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. वर जादा माल तिथेच उतरवायला लावतात.

झिजलेला बुश त्याच जातीच्या नव्या बुशने बदलणं ही दुरुस्ती. अॅक्सलची क्षमता किंवा संख्या बदलणं हा बदल. दुसऱ्या प्रकाराआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

कोकणातली देखभाल

आपल्याकडे खारा वारा आहे आणि पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. लोखंडाला दोन्ही वैरी. भाट्याच्या किनाऱ्यावर दिवसभर उभा राहिलेला ट्रेलर घरी आला की खालून गोड्या पाण्याने धुवा. मात्र प्रेशरचं पाणी हबच्या सीलवर मारू नका, ते आत शिरून बेअरिंग गंजवतं. लाल माती पाट्यांमध्ये साचू देऊ नका.

प्रवासात दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबजवळ हात न्या. एक जास्त तापलेला वाटला, तर बेअरिंग किंवा ब्रेक बघा. जून ते सप्टेंबर धंदा थंड असतो, खालचं सगळं काम तेव्हाच काढा. चाकरमानी गणपतीला येतात तोवर ट्रेलर तयार पाहिजे.

शेवटी हिशोब

समजा सगळं काम ३५,००० रुपयांत झालं आणि ते पाच वर्षं टिकलं. वर्षाला २०० दिवस धंदा धरला, तर १,००० दिवस. म्हणजे दिवसाला ३५ रुपये. रोज ७० थाळ्या विकत असाल, तर थाळीमागे ५० पैसे.

आता दुसरी बाजू. सीझनमध्ये खर्च वजा जाता दिवसाला ३,००० रुपये सुटत असतील, तर सहा दिवस बंद म्हणजे १८,००० रुपये गेले. दुरुस्ती आणि ट्रेलर उचलून आणण्याचा खर्च वेगळा. आणि ज्या पर्यटकाने रिकामी जागा बघितली, तो शेजारच्याकडे जेवला.

आमच्या त्या मुलाने पुढे काय केलं? वाढवलेला पाटा काढून टाकला. हँगर पट्टी देऊन नव्याने बसवले, बुश आणि टायर बदलले, पाणी ठिकाणावर भरायला सुरुवात केली आणि खुर्च्या गाडीत टाकल्या. नवीन अॅक्सल त्याला लागलाच नाही. नवीन एलईडी बोर्डासाठी ठेवलेले पैसे यात गेले, म्हणून बोर्ड अजून जुनाच आहे. थाळी खाणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ एकच. ट्रेलर धंद्याला निघतो तसा भरा, काट्यावर न्या, आणि वहीत पाच आकडे लिहा: एकूण वजन, अॅक्सलवरचं वजन, अॅक्सलची क्षमता, दोन टायरची मिळून क्षमता, आरसीवरचं वजन. ट्रेलर अजून घ्यायचा असेल, तर बनवणाऱ्याकडून शेवटचे तीन आकडे लेखी मागा आणि पहिले दोन तुमच्या मेन्यूवरून काढा. जो ते द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे आगाऊ रक्कम देऊ नका.